नवी रॅम आणि तिचा पूर्ण वेग

संगणक हें आतां केवळ मोठ्या कचेऱ्यांचें साधन राहिलेलें नाहीं. त्याचे निरनिराळे भाग बाजारांतून विकत आणावे आणि घरच्या मेजावर तो आपल्या हातानें जोडावा, ही हौस आमच्या उपनगरांतील पुष्कळ विद्यार्थ्यांस आहे. मानखुर्दहून हार्बर मार्गानें कुर्ला, तेथून दादर आणि तेथून ग्रँट रोड एवढा प्रवास केला म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, अर्थात् लोकांच्या तोंडचा लॅमिंग्टन रोड, गांठतां येतो. आणि तेथें संगणकाचा बहुतेक प्रत्येक सुटा भाग मिळतो. या भागांपैकीं एकाविषयीं, म्हणजे रॅमविषयीं, चार उपयुक्त गोष्टी सांगाव्या असा आमचा हेतु आहे. कारण या भागाची पूर्ण किंमत मोजूनही त्याच्याकडून पूर्ण काम न घेणारे लोक पुष्कळ आहेत, आणि आपण तसें करीत आहों याची त्यांस वार्ताही नसते.

प्रथम रॅम म्हणजे काय तें पाहूं. गणित सोडविणाऱ्या विद्यार्थ्याजवळ पुस्तकांचें कपाट असतें आणि हातांत पाटी असते. कपाटांत पुष्कळ मावतें, पण तेथून कांहीं आणावयाचें तर वेळ लागतो. पाटीवर थोडेंच मावतें, पण तें डोळ्यांसमोर असतें. संगणकांतील डिस्क हें कपाट, प्रोसेसर हा गणित करणारा विद्यार्थी, आणि रॅम ही त्याची पाटी होय. वीज गेली कीं ही पाटी आपोआप पुसली जाते. विद्यार्थी कितीही चपळ असला, तरी पाटीवरील अंक त्याच्यापुढें वेळेवर आले नाहींत, तर त्यास हात जोडून बसावें लागेल. म्हणून प्रोसेसरच्या वेगाइतकाच रॅमचा वेगही विचारांत घेतला पाहिजे.

या स्मृतीचा इतिहास आमच्या मुंबईस परका नाहीं. टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत डॉ. आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखालीं तरुण शास्त्रज्ञांनीं भारतांत बांधलेला पहिला अंकीय संगणक तयार केला. इ. स. १९५६ मध्यें आधीं एक लहान प्रायोगिक यंत्र चालू झालें, आणि पुढें १९६० मध्यें मोठें यंत्र कामास लागलें. पंडित जवाहरलाल नेहरू यांनीं त्याचें 'टिफ्रॅक' असें नामकरण केलें. त्यांत २,७०० निर्वात नळ्या होत्या आणि त्याची स्मृति फेराइटच्या बारीक कड्यांची होती. एका कडीवर शून्य किंवा एक, एवढीच नोंद राही. चाळीस अंकांचा एक शब्द, असे २,०४८ शब्द त्या स्मृतींत मावत, म्हणजे एकूण ८१,९२० अंक. आजच्या भाषेंत सांगावयाचें तर ही स्मृति अवघी १० केबी झाली. आज खिशांत घालून आणतां येणाऱ्या ८ जीबीच्या एका पट्टींत तिच्या सुमारें ८ लाख ३८ हजार पट मजकूर राहतो! ज्यांस एवढी विपुलता सहज लाभली, त्यांनीं ती नीट वापरावी हें योग्यच नव्हे काय?

आजची रॅम निराळ्या तत्त्वावर चालते. आय. बी. एम. कंपनींतील रॉबर्ट डेनार्ड यांनीं ही युक्ति शोधली व १९६८ मध्यें तिचें पेटंट त्यांस मिळालें. त्यांत प्रत्येक अंकासाठीं एक ट्रान्झिस्टर आणि विजेचा साठा करणारा एक अतिसूक्ष्म कपॅसिटर असतो. साठा असला तर एक, नसला तर शून्य. परंतु हा साठा मातीच्या माठाप्रमाणें सतत पाझरत असतो; म्हणून साधारणपणें दर ६४ मिलिसेकंदांच्या आंत, म्हणजे सेकंदांतून पंधरा-सोळा वेळां, तो पुन्हां भरावा लागतो. माठ भरण्यास, त्यांत पाणी आहे कीं नाहीं हें पाहण्यास आणि दुसऱ्या माठाकडे वळण्यास कांहीं ठराविक वेळ द्यावाच लागतो. तो आवश्यकतेहून कमी दिला, तर एकाच्या जागीं शून्य वाचलें जातें. वेग आणि अचूकपणा यांचा झगडा येथेंच आहे.

आतां पट्टीवरील लेबल वाचूं. समजा, त्यावर 'डीडीआर ४, ३२००, सीएल १६, १.३५ व्होल्ट' असें लिहिलें आहे. यांतील ३२०० म्हणजे सेकंदास ३२०० दशलक्ष वेळां मजकूर पाठविण्याची शक्ति. पट्टीचें घड्याळ मात्र १६०० दशलक्ष ठोकेच देतें. दोघांनीं ओढावयाची मोठी करवत जातांनाही कापते व येतांनाही कापते, तसा घड्याळाच्या प्रत्येक ठोक्यास चढतांना एकदां व उतरतांना एकदां असा दोनदां मजकूर जातो. म्हणून एखाद्या तपासणीच्या प्रोग्राममध्यें १६०० हा आंकडा दिसला, तर दुकानदारानें फसविलें असें समजूं नये; त्याची दुप्पट करावी. 'सीएल १६' याचा अर्थ असा कीं, मागणी केल्यापासून पहिला मजकूर हातीं येईपर्यंत सोळा ठोके जातात. १६०० दशलक्ष ठोक्यांच्या घड्याळांत सोळा ठोके म्हणजे १० नॅनोसेकंद. ३६०० वेगाच्या पट्टीचा सीएल १८ असला तरी हिशेब १० नॅनोसेकंदच येतो. तेव्हां नुसता सीएलचा आंकडा मोठा म्हणून पट्टी मंद असें नव्हे. दोन्ही आंकडे एकत्र ठेवून भागाकार करावा.

अशी ३२०० ची पट्टी आणून बसविली आणि संगणक सुरू केला, तर ती ३२०० वर धांवेल अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षांत ती बहुधा २१३३, २४०० किंवा २६६६ वर चालूं लागते. असें कां व्हावें? या धंद्यांतील कारखानदारांची जेडेक नांवाची संस्था सर्वांसाठीं मापें ठरवून देते. पट्टीवर एक लहानशी चिप असते व तींत वेगांचीं कोष्टकें लिहिलेलीं असतात. मदरबोर्ड प्रथम त्यांतील सर्वमान्य व निर्धास्त असें कोष्टक निवडतो. लेबलावरील मोठा वेग पुष्कळदां दुसऱ्याच कोष्टकांत असतो. त्यास एक्सएमपी म्हणतात. ही पद्धति इंटेल कंपनीनें २००७ मध्यें सुरू केली. एएमडीच्या नव्या संगणकांत डीडीआर ५ साठीं 'एक्स्पो' नांवाची तशीच सोय आहे. हें कोष्टक सर्वमान्य मापाच्या पलीकडचें असल्यामुळें मालकानें सांगितल्याशिवाय मदरबोर्ड तें लागू करीत नाहीं.

याचा परिणाम आंकड्यांनीं पाहूं. एका मार्गानें एका वेळीं ६४ अंक, म्हणजे ८ बाइट, जातात. ३२०० वेगानें सेकंदास २५.६ जीबी मजकूर जाईल. २१३३ वेगानें केवळ १७ जीबी. म्हणजे तीन वाट्यांचे पैसे देऊन आपण दोनच वाटे काम घेतों. तसेंच एकाऐवजीं दोन पट्ट्या योग्य जागीं बसविल्यास मार्ग दोन होतात व ही शक्ति दुप्पट होते. १६ जीबीची एकच पट्टी घेण्यापेक्षां ८ जीबीच्या दोन, आणि त्याही एकाच डब्यांत जोडीनें मिळणाऱ्या, घेणें सामान्यतः हिताचें असतें. आज एक व पुढल्या वर्षीं दुसऱ्या कंपनीची एक, असें केल्यास दोघींनाही मंद असेल तिच्याच चालीनें चालावें लागतें, आणि कधीं कधीं त्यांचें मुळींच जमत नाहीं.

आतां कृति सांगतों. पट्ट्या बसविण्यापूर्वीं वीज बंद करावी, प्लग काढावा व पेटीच्या उघड्या धातूस हात लावून अंगांतील स्थिर वीज घालवावी. पट्टीच्या सोनेरी दांत्यांस बोट लावूं नये. जुनी पट्टी असेल तर खाडीकडील दमट हवेनें दांते मळलेले असतात. दुरुस्ती करणारे कारागीर ते पेन्सिलीच्या स्वच्छ रबरानें हळुवार पुसतात. मदरबोर्डावर चार खांचा असल्यास दोन पट्ट्या बहुधा प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या व चौथ्या खांचेंत बसवाव्या लागतात. तथापि मदरबोर्डाबरोबर आलेली पुस्तिका पाहून खात्री करावी. पट्टीची खूण खांचेंतील खुणेशीं जुळवून दोन्ही टोकांस सारखा दाब द्यावा. खटका बसल्याचा आवाज आला पाहिजे. पुष्कळ घरीं 'नवी रॅम चालत नाहीं' ही तक्रार या अर्धवट दाबलेल्या पट्टीचीच असते.

नंतर संगणक सुरू करतांना डिलीट किंवा एफ २ ही कळ दाबून बायॉसमध्यें शिरावें. तेथें प्रथम एकूण रॅम पूर्ण दिसते कीं नाहीं हें पाहावें. मग एक्सएमपी किंवा एक्स्पो असें लिहिलेल्या जागीं योग्य कोष्टक निवडून तें जतन करावें व संगणक पुन्हां सुरू करावा. वेग, ठोके व व्होल्ट हे तीनही आंकडे त्यामुळें एकदम बदलतात. डीडीआर ४ चा नेहमींचा दाब १.२ व्होल्ट असतो, तो आमच्या उदाहरणांत १.३५ होईल. डीडीआर ५ च्या नव्या यंत्रांत पहिल्या खेपेस पडदा कांहीं मिनिटें काळाच राहतो. त्या वेळांत मदरबोर्ड रॅमशीं आपला ताल जुळवीत असतो. घाबरून वीज तोडूं नये. फारच वेळ गेला व यंत्र सुरूच झालें नाहीं, तर वीज काढून मदरबोर्डावरील नाण्याएवढी बॅटरी थोडा वेळ काढून ठेवावी, किंवा पुस्तिकेंत दाखविलेल्या जागीं बायॉस मूळपदावर आणावें. यांत कांहीं बिघडत नाहीं.

येथें दोन मर्यादा लक्षांत ठेवाव्या. रॅमवर नियंत्रण ठेवणारा भाग प्रोसेसरच्या आंत असतो, व प्रत्येक प्रोसेसर सारखाच वेग सोसतो असें नाहीं. शिवाय कांहीं स्वस्त मदरबोर्ड ठराविक मर्यादेपलीकडे वेग वाढवूंच देत नाहींत. म्हणून खरेदीपूर्वीं प्रोसेसर, मदरबोर्ड व रॅम या तिघांचेही आंकडे ताडून पाहावे, आणि हमीपत्रांत एक्सएमपीविषयीं काय म्हटलें आहे तेंही वाचावें.

यंत्र सुरू झालें म्हणजे काम संपलें असें पुष्कळांस वाटतें. आमच्या मतें खरें काम येथूनच सुरू होतें. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्यें रॅमचा वेग दिसतो; तेथें ३२०० हा आंकडा आला म्हणजे एक पायरी झाली. परंतु त्या वेगानें रॅम अचूक चालते काय, हा प्रश्न उरतोच. त्यासाठीं मेमटेस्ट ८६ सारखा प्रोग्राम पेन ड्राइव्हवर घालून त्यानें यंत्र सुरू करावें व कांहीं तास, शक्य तर रात्रभर, तपासणी चालूं द्यावी. हा प्रोग्राम रॅमच्या प्रत्येक घरांत मजकूर लिहितो व परत वाचून ताडतो. एक जरी चूक निघाली तरी ती मोठीच समजावी. कारण रॅममधील चूक आरडाओरड करीत नाहीं. घरखर्चाच्या हिशेबांत एक अंक बदलतो, बहिणीच्या लग्नाचें एखादें छायाचित्र फाटल्यासारखें होतें, वर्षभर खपून केलेला प्रकल्प एके दिवशीं उघडतच नाहीं. आणि दोष कोठें आहे हें महिनोन्महिने कळत नाहीं. चूक निघाल्यास प्रत्येक पट्टी एकटी बसवून तपासावी. एकटी पट्टी नेहमींच्या मंद वेगावरही चुकत असेल, तर ती हमींत परत करावी. केवळ मोठ्या वेगावर चुकत असेल, तर ३२०० ऐवजीं ३००० किंवा २९३३ वर ठेवून पुन्हां तपासावें. अचूक २९३३ हा चुकणाऱ्या ३२०० हून केव्हांही श्रेष्ठ होय.

पालकांसाठींही दोन शब्द लिहिले पाहिजेत. एवढ्या खटपटीनें लाभ किती, असें ते विचारतील, व तें रास्त आहे. पत्रें लिहिणें, पुस्तकें वाचणें, वर्गाचा अभ्यास करणें या कामांत हा फरक फारसा जाणवणार नाहीं. परंतु ज्या संगणकांत चित्रें दाखविणारें वेगळें कार्ड नसतें, तेथें पडद्यावरील चित्रांचें कामही याच रॅममधून होतें, आणि तेथें दोन पट्ट्यांचा व पूर्ण वेगाचा लाभ स्पष्ट दिसतो. मात्र घरच्या यंत्रांत ४ जीबीच रॅम असेल, तर वेगाचा विचार मागें ठेवून आधीं ती वाढवावी. लहान पाटी कितीही चपळाईनें पुसली तरी ती लहानच. बायॉसमधील बदलास मात्र कांहींच पैसे पडत नाहींत. जें आधींच विकत घेतलें आहे तेंच पदरांत पाडून घ्यावयाचें आहे.

आमच्या मानखुर्दच्या शेजारीं ट्रॉम्बे येथें भाभा अणुसंशोधन केंद्र आहे. तेथील शास्त्रज्ञांनीं १९९१ सालीं बाजारांत मिळणारे प्रोसेसर एकत्र जोडून 'अनुपम' नांवाचा महासंगणक उभा केला. त्याची शक्ति एकट्या भागांत नव्हती. प्रत्येक भागाकडून त्याचें काम नीट करून घेण्यांत ती होती. घरच्या मेजावरील लहान यंत्रासही हाच नियम लागू आहे.

विद्यार्थिमित्रहो, धन्यानें दिलेला पैसा भीतीनें जमिनींत पुरून ठेवणाऱ्या चाकराचा दृष्टान्त आपण शाळेंत ऐकलेला आहे. बायॉसच्या पहिल्या कोष्टकावर पडून राहिलेली रॅम त्या पुरलेल्या पैशासारखीच होय. ती बाहेर काढून कामास लावावी, पण अविचारानें उधळूंही नये. लेबलावर जें लिहिलें आहे तें आपण होऊन घडेल असें धरूं नये. तें मागून घ्यावें, मोजून पाहावें, आणि रात्रभराच्या कसोटीस उतरल्यावरच आपला अभ्यास त्याच्या हवालीं करावा.