'रीसेट' या शब्दाचे दोन अर्थ

राहुरी येथील महात्मा फुले कृषी विद्यापीठात (स्थापना १९६८) स्वयंचलित सिंचनावर संशोधन झाले आहे. मातीतील ओल मोजावी, ती माहिती बिनतारी मार्गाने पाठवावी आणि तदनुसार ठिबकची झडप उघडावी वा मिटावी, हे अशा यंत्रणांचे सामान्य तत्त्व होय. अहिल्यानगर जिल्ह्यातील शिवारात ही साधने येतात तेव्हा 'रीसेट' हा शब्दही त्यांच्यासमवेत येतो. या एका शब्दात दोन भिन्न क्रिया सामावलेल्या असून त्यांची गल्लत झाल्यास पिकाची पाण्याची पाळी चुकते.

उदाहरणादाखल शांघायच्या एस्प्रेसिफ कंपनीचा, २०१४ मध्ये प्रसिद्धीस आलेला ईएसपी ८२६६ हा बिनतारी घटक घ्यावा. स्वस्तपणामुळे तो विद्यार्थी व हौशी कारागीर यांच्यात चटकन रुळला. त्याच्याशी बोलावयाचे ते एटी आज्ञांच्या भाषेत. ही भाषा १९८१ च्या हेज मोडेमपासून चालत आलेली आहे. आज्ञेच्या आरंभीचे 'एटी' हा 'अटेन्शन'चा संक्षेप. व्याकरणदृष्ट्या ते निव्वळ संबोधन, 'अरे, ऐक' असे. नुसते 'एटी' पाठवून 'ओके' असे उत्तर आले, तर तारांची जोडणी ठीक आहे असे समजावे. मग 'एटी+सीडब्ल्यूमोड=१' या आज्ञेने घटकास राउटरला जोडून घेण्याची भूमिका द्यावयाची आणि 'एटी+सीडब्ल्यूजॅप'ने राउटरचे नाव व परवलीचा शब्द सांगावयाचा. हा घटक २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातच चालतो. राउटर केवळ ५ गिगाहर्ट्झवर असेल, तर परवलीचा शब्द अचूक असूनही जोड होत नाही.

'एटी+आरएसटी' ही आज्ञा पुनरारंभाची. तीत साठविलेले नाव व परवलीचा शब्द टिकून राहतात. 'एटी+रिस्टोअर' मात्र सर्व पुसून घटकास कारखान्यातून निघतेवेळच्या स्थितीस नेते. तयार उपकरणांत या दोन्ही क्रिया पुष्कळदा एकाच बटणावर असतात: क्षणभर दाबल्यास पहिली, काही सेकंद दाबून धरल्यास दुसरी.

दुसऱ्या क्रियेस 'पूर्ववत् करणे' म्हणण्याचा मोह होतो, तो टाळावा. शेतकऱ्याच्या दृष्टीने 'पूर्व' म्हणजे काल पाणी चालू होते ती स्थिती; निर्मात्याच्या दृष्टीने विक्रीपूर्वीची. त्यापेक्षा 'कोरे करणे' हा प्रयोग प्रामाणिक ठरेल. 'सातबारा कोरा' या मागणीमुळे त्यास कर्जमुक्तीची सुखद छटा आली आहे हे खरे. येथे पुसली जाते ती ठेव. पहिलीसाठी 'पुनरारंभ' हा शब्द आहेच, तथापि शिवारात 'बंद करून चालू करणे' एवढे पुरे.

हा भेद प्रत्यक्षात वारंवार उपयोगी पडतो. घटकास ३.३ व्होल्टचा पुरवठा लागतो आणि संदेश पाठविताना तो क्षणमात्र बराच अधिक प्रवाह ओढतो. पुरवठा दुबळा असल्यास तो आपला आपणच पुनःपुन्हा आरंभ करीत राहतो. अशा वेळी कोरे केल्याने दोष जात नाही, आणि नाव व परवलीचा शब्द पुन्हा भरण्यास जाणकाराला शेतावर बोलवावे लागते. म्हणून आधी पुरवठा तपासावा, नंतर बंद करून चालू करावे. कोरे करण्याची खरी गरज पडते ती उपकरण दुसऱ्याच्या हाती जाताना. नवा धनी आपल्या राउटरचे नाव त्यात पुन्हा भरतो.