शाळेवाचून दोन वर्षे

रायपूरच्या बूढापारा वस्तीत कलकत्त्याचे वकील विश्वनाथ दत्त यांचे कुटुंब १८७७ साली राहावयास आले, तेव्हा गावात योग्य शाळा नव्हती. चौदा वर्षांचा नरेंद्र, म्हणजेच पुढे प्रसिद्धीस आलेले स्वामी विवेकानंद, घरीच शिकू लागला. घरी येणाऱ्या विद्वानांच्या चर्चेत मुलानेही आपले मत मांडावे, अशी वडिलांची रीत होती. बुद्धिबळ, गायन आणि स्वयंपाक यांचीही गोडी येथेच वाढली. (स्वयंपाकाची गोष्ट आजच्या पालकांनीही ध्यानात घ्यावी!) परंतु कॉलेजच्या दारी यांपैकी कशाचीही विचारपूस होत नसे, तेथे लागे ती एन्ट्रन्स परीक्षा. १८७९ मध्ये कलकत्त्यास परतल्यावर नरेंद्राने राहिलेला अभ्यास झपाट्याने भरून काढला, परीक्षेत पहिला वर्ग मिळविला आणि १८८० मध्ये प्रेसिडेन्सी कॉलेजात प्रवेश घेतला.