शिशाचे रंगीत शिपाई व त्यांची परीक्षा

पोथ्या, दप्तरें, नाणीं व ताम्रपट यांच्या मागें लागलेल्या संग्राहकास मुलांच्या खेळण्यांतील शिपायांकडे पाहावयास सांगितलें, तर तो प्रथम हंसेल. परंतु मूळ प्रत कोणती व नक्कल कोणती, काल कशावरून ठरवावा, मागाहून पडलेला हात कसा ओळखावा, हे जे प्रश्न हस्तलिखितांच्या अभ्यासांत पदोपदीं येतात, तेच या दोन इंची शिपायांच्या बाबतींतही येतात. शिवाय हे शिपाई मुळांत स्वस्त विकण्यासाठींच केलेले असल्यामुळें आजही बेताच्या ऐपतीच्या माणसास यांचा चांगला संग्रह करतां येतो. त्यांची परीक्षा कशी करावी एवढेंच प्रस्तुत लेखांत सांगण्याचा आमचा विचार आहे.

धातूच्या शिपायांच्या मुख्य जाती तीन. पहिली जात चपट्या शिपायांची. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत जर्मनींतील न्यूरेंबर्ग शहरीं हिल्पर्ट घराण्यानें ही कला नांवारूपास आणली. पाटीच्या दगडांत चित्र कोरून साचा करावयाचा व त्यांत कथिलाचा रस ओतावयाचा, अशी ही रीत होती. इ. स. १८३९ मध्यें तेथेंच कारखाना काढणारा एर्न्स्ट हाइनरिक्सन यानें सुमारें ३० मिलिमीटर, म्हणजे सव्वा इंचाच्या आंत-बाहेरचें माप रूढ केलें व तें पुढें इतर कारागिरांनींही उचललें. हे शिपाई पातळ लाकडाच्या डब्यांतून वजनावर विकले जात. दुसरी जात भरीव शिपायांची. पॅरिस येथील ल्युकोत व मिन्यो आणि ड्रेस्डेन येथील गेओर्ग हायडे हे या जातीचे प्रसिद्ध कारखानदार होत. हायडेचा कारखाना फेब्रुवारी १९४५ मधील बाँबहल्ल्यांत नष्ट झाला. तिसरी जात पोकळ शिपायांची, आणि सामान्य संग्राहकाच्या हातीं बहुधा हीच येते.

पोकळ शिपायांची युक्ति लंडनच्या विल्यम ब्रिटन (धाकटा) यानें इ. स. १८९३ मध्यें बाजारांत आणली. शिसें, कथील व अँटिमनी यांचा रस साच्यांत ओतावयाचा, साच्याला लागलेला थर थिजतांच आंतील पातळ रस उलटा ओतून काढावयाचा, म्हणजे मागें केवळ टरफल राहतें. धातु थोडी लागली, वजन घटलें व त्याबरोबर किंमतही उतरली. एका शिलिंगास पायदळाचे आठ शिपाई अथवा पांच स्वार मिळूं लागले, आणि जर्मन मालाचें इंग्लंडांतील वर्चस्व मोडलें. स्वस्ताई म्हणजे हलकेपणा नव्हे, हें या एकाच उदाहरणावरून दिसेल.

आतां परीक्षेकडे वळूं. पहिली कसोटी मापाची. हायडेच्या मालांत मापें अनेक व शिपायांच्या ठेवणी फार विविध. कोणी पाणी पीत आहे, कोणी जखमी होऊन पडला आहे. ब्रिटनच्या शिपायांत ही विविधता थोडी, परंतु पायदळाचें माप ५४ मिलिमीटर, म्हणजे सव्वादोन इंचांहून किंचित् कमी, असें ठरलेलें. त्यामुळें निरनिराळ्या पेट्यांतील शिपाई एकत्र मांडले तरी ते एकाच सैन्याचे वाटतात. अमेरिकेंत बार्क्ले व मॅनॉइल या कारखान्यांचे सुमारें सव्वातीन इंची शिपाई पांच-पांच सेंटांस सुटे विकले जात. ते राकट खरे, पण त्यांतही एक जिवंतपणा आहे.

दुसरी कसोटी ओतकामाची. साच्याच्या दोन अर्धांची सांधरेषा घांसून काढली आहे कीं तशीच आहे, बंदुकीची नळी सरळ आहे कीं नाहीं, चेहऱ्याची ठेवण स्पष्ट उमटली आहे कीं बोथट झाली आहे, हें पाहावें. दुसऱ्याच्या शिपायावरून साचा घेऊन केलेली नक्कल मुळापेक्षां किंचित् लहान व बोथट उतरते. कारण धातु थिजतांना आकसते व बारीक रेषा प्रत्येक नकलेंत झिजते. लेखकाच्या हातून उतरत गेलेल्या पोथींत अशुद्धें वाढतात, त्यांतलाच हा प्रकार.

तिसरी कसोटी रंगाची, व हीच सर्वांत महत्त्वाची. एकाच साच्यांतून निघालेल्या शिपायांस निरनिराळे रंग देऊन निरनिराळ्या पलटणी बनविण्याची रीत सर्वच कारखान्यांत होती. ब्रिटनच्या मालांत रंगकामाच्या प्रतीही दोन होत्या. उत्तम प्रतींत पट्टे, गुंड्या व मिशा वेगळ्या काढलेल्या, तर दुय्यम प्रतींत चार ठळक रंगांवर काम भागविलेलें. दुय्यम प्रतीचे व जॉन हिल यांच्यासारख्या प्रतिस्पर्ध्यांचे सुटे शिपाई आज तुलनेनें स्वस्त मिळतात. नव्या संग्राहकानें तेथूनच आरंभ करावा. परंतु मागाहून कोणी हौसेनें रंगविलेला चकचकीत शिपाई मात्र टाळावा. रंग हाच ज्या वस्तूची ओळख, तिचा मूळ रंग गेला म्हणजे तो शिपाई कोणत्या पलटणीचा हें सांगणारा साक्षीदारच गेला. अर्धा रंग उडालेला अस्सल शिपाई हा जीर्ण पण अस्सल कागद होय. नवा रंग दिलेला शिपाई म्हणजे मूळ अक्षरांवर दुसऱ्यानें शाई फिरविलेला कागद होय.

चौथी कसोटी कालाची. ब्रिटनच्या पायदळाच्या आरंभींच्या बैठका लंबगोल असून पुढें त्या चौकोनी झाल्या. नकला होऊं लागल्यामुळें इ. स. १९०० च्या सुमारास बैठकीखालीं हक्काची चिठ्ठी चिकटविण्यास आरंभ झाला, व कांहीं वर्षांनीं तोच मजकूर धातूंतच उठविला जाऊं लागला. येथें एक सावधगिरी अवश्य बाळगावी. बैठकीखालील तारीख ही त्या नमुन्याच्या हक्काची आहे, तो शिपाई ओतल्याची नव्हे. ग्रंथरचनेचा शक आणि प्रत उतरल्याचा शक यांत घोटाळा करणारा अभ्यासक जसा फसतो, तसाच येथेंही फसेल.

डब्यावरील नांवही असेंच जपून वापरावें. ब्रिटननें हिंदी सैन्याच्या ज्या पलटणी काढल्या, त्यांत पहिले मुंबई लॅन्सर्स व दुसरें मुंबई पायदळ हीं आमच्या प्रांताच्या इतिहासाशीं जोडलेलीं नांवें आहेत. १ जानेवारी १८१८ रोजीं कोरेगांव येथें पेशव्यांच्या फौजेशीं लढलेली मुंबई पायदळाची तुकडी हीच पुढें या दुसऱ्या पलटणीच्या नांवानें ओळखली गेली, व १९०३ च्या फेररचनेंत ती १०२ वी ग्रेनेडियर्स झाली. मुंबई लॅन्सर्स त्याच साली ३१ वे लॅन्सर्स झाले, व पहिल्या महायुद्धानंतरच्या एकीकरणांत १३ वे. यावरून १३ व्या लॅन्सर्सचें नांव असलेला डबा त्या एकीकरणापूर्वींचा असूं शकत नाहीं, एवढें निश्चित. परंतु डब्यांतले स्वार त्याच डब्यांतले आहेत हें त्यावरून सिद्ध होत नाहीं; बांधणी एका पोथीची व पानें दुसरीचीं, हा अनुभव आमच्या वाचकांस नवा नाहीं.

संरक्षणाविषयीं दोन शब्द. शिशाचा मोठा वैरी म्हणजे लाकडांतून व हलक्या पुठ्ठ्यांतून निघणारी आम्ल वाफ. विशेषतः ओक लाकडाच्या बंद कपाटांत शिशावर पांढरी भुकटी धरते व धातु आंतून खात जाते. अशी भुकटी दिसतांच तो शिपाई बाकीच्यांपासून वेगळा करावा, हवा खेळेल अशा कांचेच्या अथवा धातूच्या कपाटांत संग्रह ठेवावा. ती भुकटी विषारी असल्यामुळें कोरड्या कुंचल्यानें झाडूं नये, हात धुवावे, व शिपाई मुलांच्या हातीं देऊं नयेत. लांकडाचा भुसा व सरस यांच्या लगद्याचे जर्मन शिपाई असतील, तर त्यांस ओल लागूं देऊं नये, ते तडकतात. ब्रिटनच्या कारखान्यानें शिशाचे शिपाई करणें १९६६ मध्यें बंद केलें. सबब या धातूच्या जुन्या मालांत आतां भर पडावयाची नाहीं, घटच व्हावयाची.

अखेरीस एक गोष्ट मनास लागते ती सांगून लेख पुरा करतों. लंडन व ड्रेस्डेनच्या शिपायांच्या बैठका, चिठ्ठ्या व डबे यांची बारीक छाननी झाली आहे. परंतु आमच्या घरोघरीं दिवाळींत दगडमातीचा किल्ला होतो, त्यावर मोहरी वा अळीव पेरतात, व सिंहासनावर महाराज बसवून बुरुजांवर मातीचे मावळे उभे करतात. त्या मावळ्यांची अशी नोंद कोणीं केली? ते शिशाच्या शिपायांहूनही स्वस्त. सण संपला कीं कांहीं फुटतात, कांहीं पावसांत विरघळतात. कोणत्या गांवच्या कारागिरानें कोणत्या साच्यांत कोणत्या वर्षीं ते केले, पगडीस व अंगरख्यास कोणते रंग दिले, हें त्याच्या घरच्या माणसांशिवाय कोणास ठाऊक नसतें. साचा फुटला आणि तो कारागीर गेला, कीं ती परंपरा कागदावर एक ओळही न ठेवतां संपते.

म्हणून आमची वाचकांस विनंती अशी कीं, यंदाच्या दिवाळींत प्रत्येकानें आपल्या गांवच्या बाजारांतून चार मावळे घ्यावे, बैठकीखालीं गांव, कारागीर व वर्ष शाईनें लिहावें, आणि कोरड्या जागीं कापसांत गुंडाळून ठेवावे. खर्च अल्प आहे. पन्नास वर्षांनंतरच्या संशोधकास मात्र तेवढ्या चार ओळींचें मोल एखाद्या जुन्या सनदेहून कमी वाटणार नाहीं.