न फुटलेला गोळा आणि भंगाराचा भाव

अकोल्याहून नागपूरच्या गाडीत बसलं की बडनेरा, धामणगाव मागे पडतं, वर्धा नदीचा पूल लागतो आणि पुलगाव येतं. देशातल्या सर्वांत मोठ्या दारूगोळा भांडारांपैकी एक तिथे आहे. ३१ मे २०१६ च्या मध्यरात्रीनंतर या भांडाराला आग लागली. सोळाहून अधिक माणसं गेली, आणि त्यात आग विझवायला धावलेले अग्निशमन दलाचे जवान मोठ्या संख्येने होते. ती बातमी देशभर गाजली. त्यानंतर अडीच वर्षांनी, २० नोव्हेंबर २०१८ च्या सकाळी, जवळच्याच सोनेगाव आबाजी इथल्या मैदानावर दुसरा स्फोट झाला. बाद झालेला दारूगोळा तिथे खड्ड्यांत घालून नष्ट करतात. त्या पेट्या उतरवतानाच एक भडका उडाला आणि सहा जण दगावले. जखमींना सावंगी मेघेच्या रुग्णालयात हलवावं लागलं. मृतांत आसपासच्या गावांतले रोजंदारीवर आलेले मजूर होते.

पहिल्या घटनेची चर्चा अजून होते, दुसरी बरेच जण विसरले. डॉक्टर म्हणून मला दुसरीच जास्त अस्वस्थ करते. खड्डे खणणं, पेट्या वाहणं ही कामं रोजीवर आलेल्या माणसाच्या वाट्याला येतात. आणि स्फोटानंतर मातीत जे तांबं, पितळ, लोखंड उरतं, त्याला बाजारात भाव असतो. लष्कराच्या सरावाच्या मैदानांभोवतीच्या गावांत हे वर्षानुवर्षं चालत आलं आहे. नगरजवळची के. के. रेंज असो की नाशिकजवळची देवळालीची तोफखान्याची मैदानं, गोळीबार थांबला की कुणीतरी पोतं घेऊन निघतं. त्याला गोळ्याची भीती नसते असं नाही. पण घरात पीठ नसलं की भीती मागे पडते.

न फुटलेला गोळा इतका घातक का, हे थोडं समजून घेतलं पाहिजे. ‘फुटायचा असता तर पडला तेव्हाच फुटला असता’ असं समजणारे बरेच भेटतात. गोष्ट नेमकी उलटी आहे. गोळ्याला पेटवणारी एक कळ असते, तिला फ्यूज म्हणतात. गोळा पेटीत असतो तेव्हा ही कळ जणू कुलूपबंद असते. तोफेतून सुटताना बसणारा जबर हिसका आणि हवेतली गरगर, यांनी ती कुलपं एकामागून एक उघडत जातात. मग गोळा चिखलात पडतो, किंवा तिरपा आदळतो, किंवा एखादा भाग अडकतो आणि स्फोट होत नाही. पण कुलपं उघडलेलीच राहतात. शेवटची एक पायरी तेवढी उरते. ती कुदळीच्या घावाने पुरी होईल, की हातोड्याने पितळ सोडवताना, की नुसतं उचलून बाजूला ठेवताना, हे कुणालाच सांगता येत नाही. गंज चढला म्हणून तो निकामी झाला असंही नाही. काही जुनी स्फोटकं धातूशी संयोग पावून आणखी नाजूक होतात.

जमीनही साथ देत नाही. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते, आणि नांगरलेल्या वावरात दरवर्षी नवे दगड कसे वर येतात हे शेतकऱ्याला सांगायला नको. गाडलेलं लोखंडही तसंच वर येऊ शकतं. बेल्जियम आणि उत्तर फ्रान्समध्ये १९१४ ते १९१८ च्या महायुद्धातले गोळे शंभर वर्षं उलटून गेल्यावरही नांगराला लागतात. तिथले शेतकरी त्याला लोखंडाचं पीकच म्हणतात. मैदान एकदा साफ केलं आणि काम संपलं, असं म्हणूनच होत नाही.

या साफसफाईत धातुशोधक यंत्र आणि स्फोटकं हाताळणारा जवान, हेच आपल्या डोळ्यांसमोर येतात. तो भाग अवघडच असतो. पण माझ्या मते खरी अडचण वेगळी आहे. गोळे कुठे आणि किती टाकले, हे लष्कराला माहीत असतं. जमीन कुणाची, वाट कुठून जाते, हे तलाठ्याला माहीत असतं. स्फोटक सापडल्याची खबर पोलिसांकडे जाते आणि तिथून बॉम्बशोधक-नाशक पथकाकडे. बकऱ्या कुठे चरतात, पोरं कुठल्या नाल्यात खेळतात, हे गुराख्याला माहीत असतं. कुणी काय उचलून आणलं, हे सगळ्यांत आधी भंगारवाल्याला कळतं. आणि शेवटी जखमी माणूस येतो आमच्याकडे. यातल्या प्रत्येकाकडे चित्राचा एकेक तुकडा असतो. तो एका नकाशावर आणणं म्हणजे समन्वय, आणि नेमकं तेच काम कुणा एकाचं नसतं.

कायदा नाही असं नाही. सरावाच्या गोळीबारासाठी १९३८ चा कायदा आहे. त्यानुसार राज्य सरकार क्षेत्र अधिसूचित करतं, गावांना आधी सूचना देतात, नुकसानभरपाईची तरतूद आहे. युद्धानंतर उरणाऱ्या स्फोटक अवशेषांविषयी २००३ मध्ये झालेल्या आंतरराष्ट्रीय करारात भारत सामील आहे आणि टाकलेल्या दारूगोळ्याची नोंद ठेवणं हा त्याचा गाभा आहे. तो युद्धासाठी आहे, सरावासाठी नाही, पण नोंदवहीची कल्पना उसनी घ्यायला काय हरकत आहे?

दुसरीकडे हे कसं करतात त्याचं एक उदाहरण माझ्या व्यवसायाशी थेट जोडलेलं आहे. ३ सप्टेंबर २०१७ रोजी जर्मनीतल्या फ्रँकफर्ट शहरात दुसऱ्या महायुद्धातला सुमारे १.४ टनांचा ब्रिटिश बॉम्ब निकामी केला. बांधकामात सापडलेल्या त्या बॉम्बसाठी साठ हजारांहून जास्त लोकांना घराबाहेर काढलं. त्या परिघात दोन रुग्णालयं होती. अतिदक्षता विभागातले रुग्ण आणि अपुऱ्या दिवसांची बाळंही आधीच दुसरीकडे हलवली. बॉम्ब निकामी करणं काही तासांचं काम होतं, तयारी काही दिवसांची. सुरुंग काढण्याच्या आंतरराष्ट्रीय मानकांत तर कामाच्या जागी प्रशिक्षित वैद्यकीय मदतनीस, वाहन आणि जखमीला कुठे, किती वेळात न्यायचं याची आखणी असल्याशिवाय काम सुरूच करायचं नसतं. आपल्याकडे अशा कामाची आगाऊ खबर जवळच्या ग्रामीण रुग्णालयाला पोचली, तर रक्ताची सोय आणि शल्यचिकित्सक आधीच तयार ठेवता येतील.

भंगाराची साखळी तर कुणाच्याच हिशेबात नसते. २००४ मध्ये गाझियाबादजवळ साहिबाबादच्या एका पोलाद कारखान्यात परदेशातून आलेल्या भंगारात जिवंत गोळे निघाले आणि स्फोटात दहा कामगार गेले. त्यानंतर आयात भंगाराच्या तपासणीचे नियम कडक झाले. जहाजातून येणाऱ्या भंगाराला नियम आहेत, पोत्यातून येणाऱ्याला नाहीत. भंगारवाल्याला गुन्हेगार न ठरवता साखळीत घेतलं, संशयास्पद वस्तूची खबर देणाऱ्याला त्रास होणार नाही अशी हमी दिली, तर पोलिसांना त्याच्याइतका चांगला खबऱ्या मिळणार नाही. लाओसमध्ये १९६४ ते १९७३ दरम्यान अमेरिकेने वीस लाख टनांहून जास्त बॉम्ब टाकले. तिथेही पुढे भंगाराच्या धंद्यानेच कित्येकांचे हात-पाय घेतले.

बाळापूरच्या वाचकाला वाटेल, आपल्याकडे कुठे तोफा आहेत? तोफा नाहीत, पण विहिरी आहेत. विहीर खोदताना न फुटलेला सुरुंगाचा तोटा मलब्यात राहतो आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी पहार बसते. रानडुकरांसाठी ठेवलेले गावठी बॉम्ब धुऱ्यावर पडलेले असतात, ते पोरांच्या हाती लागतात. ‘डाक्टरसाहेब, चेंडूसारखं दिसलं म्हून उचललं’, हे वाक्य मी ऐकलेलं आहे. स्फोटकांच्या परवान्यांचं काम पाहणाऱ्या केंद्रीय संघटनेचं मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे. वापरलेल्या तोट्यांचा हिशेब ठेवणं ही ठेकेदाराची जबाबदारी असते आणि तो हिशेब विचारायचा हक्क विहिरीच्या मालकालाही आहे.

काही सापडलं तर हात लावू नका, वर माती टाकू नका, पाणी ओतू नका. आल्या पावली मागे फिरा, लांबूनच ओळखीची खूण लक्षात ठेवा, इतरांना अडवा आणि दूर गेल्यावर ११२ ला फोन करा. फोटो काढायला जवळ जाऊ नका, हे आजकाल वेगळं सांगावं लागतं.

स्फोट झालाच तर धावत आत शिरू नका. शेजारी दुसरा गोळा असू शकतो. जखमी बाहेर आणल्यावर हात किंवा पाय तुटून रक्त धो-धो वाहत असेल, तर जखमेच्या चार बोटं वर रुंद पट्टी बांधा, काडी घालून रक्त थांबेपर्यंत पिळा, वेळ लिहून ठेवा आणि रुग्णालयात पोचेपर्यंत सैल करू नका. दोरी किंवा तार बांधू नका. घुसलेला तुकडा उपसू नका. डोळ्याला इजा असेल तर चोळू नका, कागदी पेला उपडा ठेवून चिकटपट्टी लावा. तुटलेलं बोट ओल्या स्वच्छ फडक्यात, ते पिशवीत आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवा. बोटाला बर्फ थेट लागू देऊ नका. पोटात काही देऊ नका आणि १०८ ला बोलवा.

अंगावर ओरखडा नाही, पण ऐकू येत नाही, छातीत दडपण आहे, अशा माणसालाही रुग्णालयात आणाच. स्फोटाच्या दाबाने कानाचा पडदा फाटतो, आणि तोच दाब फुप्फुसाला किंवा आतड्याला इजा करून गेलेला असू शकतो. ती लक्षणं काही तासांनी दिसतात. आणि डॉक्टरांनी जखम स्वच्छ करून टाके न घालता उघडी ठेवली, तर नातेवाइकांनी भांडू नये. माती आणि कपड्यांचे धागे आत खोल गेलेले असतात. लगेच शिवलं तर आत पू होतो. तीन ते पाच दिवसांनी पाहून मग शिवायची असते.