एका धातूचे इंग्रजी कुटुंब

इंग्रजी शब्दांचे पाठांतर ही आजही अनेक घरांतील सायंकाळची कटकट आहे. मूल दहा शब्द घोकते व सकाळपर्यंत त्यांतले आठ विसरते. ज्या आईबापांचे शिक्षण मराठीतून झाले, ते ‘आम्हांस यातले काय कळते?’ असे म्हणून स्वस्थ बसतात. आमचे म्हणणे असे की, या कुलपाची किल्ली अशा आईबापांपाशीच आहे, आणि ती त्यांस मराठीनेच दिलेली आहे.

आहार, विहार, प्रहार, संहार, उपहार हे शब्द पाहावेत. या सर्वांच्या पोटी संस्कृतातील ‘हृ’ हा एकच धातू आहे. आरंभी जोडलेल्या उपसर्गाने अर्थ तेवढा पालटतो. इंग्रजीने लॅटिनमधून जे असंख्य शब्द घेतले, त्यांतील पुष्कळांची घडण अशीच आहे. उदाहरणादाखल एम, आय, टी ही तीन अक्षरे घेऊ. लॅटिनमध्ये ‘मित्तेरे’ म्हणजे पाठविणे किंवा जाऊ देणे, आणि ‘मिस्सुस’ म्हणजे पाठविलेला. म्हणून हे कुटुंब इंग्रजीत कधी ‘मिट’, तर कधी ‘मिस’ या अक्षरांनी ओळखू येते.

ॲडमिट : ‘ॲड’ म्हणजे कडे. आत येऊ देणे; त्यावरून मान्य करणे.
परमिट : ‘पर’ म्हणजे मधून. जाऊ देणे, परवानगी देणे.
सबमिट : ‘सब’ म्हणजे खाली. अधीन होणे, त्यावरून अर्ज सादर करणे.
कमिट : ‘कॉम’ म्हणजे एकत्र. स्वाधीन करणे, सोपविणे. ज्यांच्याकडे काम सोपविले ती ‘कमिटी’.
रिमिट : ‘रि’ म्हणजे मागे. दंड किंवा ऋण सोडून देणे. तसेच पैसे पाठविणे. पापक्षमेस ‘रिमिशन’ म्हणतात, आणि परदेशी राबणाऱ्या मुलाकडून घरी येणाऱ्या पैशांस ‘रेमिटन्स’.
डिसमिस : ‘डिस’ म्हणजे दूर. रजा देणे, काढून टाकणे. कोर्टात दावा डिसमिस होतो तो हाच.
प्रॉमिस : ‘प्रो’ म्हणजे पुढे. कृतीच्या आधी पुढे पाठविलेला शब्द, अर्थात वचन.

याच कुटुंबातील एक शब्द आम्हां कॅथलिकांच्या घरात रोज वावरतो. तो म्हणजे ‘मिस्सा’, इंग्रजीतील ‘मास’. लॅटिन उपासनेच्या अखेरीस याजक ज्या शब्दांनी लोकांस निरोप देत, त्यांत ‘मिस्सा’ हा शब्द होता. त्या निरोपाच्या शब्दावरून सबंध उपासनेस नाव पडले. ‘मेसेज’ हा शब्दही याच धातूचा. मौज अशी की, आपल्या मराठीतील ‘निरोप’ हा एकच शब्द ही दोन्ही कामे करतो : पाहुण्यास आपण निरोप देतो, आणि त्याच्या हाती दुसऱ्यास निरोप पाठवितोही. ‘मिशन’ म्हणजे मुळात पाठवणूक. आणि ज्यांस पाठविले त्यांस मराठीत आपण ‘प्रेषित’ म्हणतो, त्याचाही अर्थ पाठविलेला असाच आहे.

परंतु अक्षरे सारखी दिसली म्हणजे नाते जुळलेच, असे मात्र मानू नये. ‘लिमिट’ हा शब्द सीमा या अर्थाच्या ‘लिमेस’ या लॅटिन शब्दापासून आला. ‘समिट’ म्हणजे शिखर. त्याचे मूळ ‘सुम्मुस’, म्हणजे सर्वोच्च. ‘हर्मिट’ म्हणजे एकांतवासी तपस्वी. त्याचे मूळ ग्रीक ‘एरेमोस’, म्हणजे निर्जन. ‘मिस्टेक’मधील ‘मिस’ जर्मानिक कुळातून आलेला असून ‘चुकीचे’ हा त्याचा अर्थ आहे. आणि कुमारिकेच्या नावाआधीचे ‘मिस’ हे ‘मिस्ट्रेस’चे संक्षिप्त रूप होय.

मग खरा नातलग ओळखावा कसा? त्यास तीन सोप्या कसोट्या आहेत. पहिली, ‘मिट’ने संपणाऱ्या खऱ्या क्रियापदांची नामे ‘मिशन’ने संपतात : ॲडमिशन, परमिशन, सबमिशन. ‘लिमिट’चे मात्र ‘लिमिटेशन’ होते. दुसरी, खऱ्या क्रियापदांत उच्चाराचा आघात शेवटच्या ‘मिट’वर पडतो, लिमिट, समिट, हर्मिट यांत तो पहिल्या अवयवावर पडतो. तिसरी कसोटी दुसरीतूनच निघते : आघात शेवटी असल्यामुळे भूतकाळात टी हे अक्षर दुप्पट होते. ‘परमिटेड’मध्ये दोन टी, ‘लिमिटेड’मध्ये एकच. शाळेतील वहीत या एका अक्षरापायी किती तांबड्या रेघा पडतात, हे पालकांस ठाऊकच आहे. ‘कमिशन’मध्ये दोन एम का, आणि गाळणे या अर्थाच्या ‘ओमिशन’मध्ये एकच का, हेही घडण पाहिली की कळते. पहिल्यात ‘कॉम’चा एक आणि ‘मिशन’चा एक, दुसऱ्यात उपसर्गाचा केवळ ‘ओ’ उरला आहे.

तेव्हा मुलांस शब्दांची लांबलचक यादी देण्यापेक्षा आठवड्यास एक कुटुंब द्यावे. पुढील आठवड्यासाठी ‘पोर्ट’ घ्यावा. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ वाहून नेणे. इंपोर्ट, एक्सपोर्ट, ट्रान्सपोर्ट, रिपोर्ट, सपोर्ट हे शब्द कागदावर मांडून प्रत्येकात काय वाहिले जाते आणि कोठे, हे मुलासच शोधू द्यावे. आईबापांनी शेजारी बसून ‘हृ’ धातूची आठवण द्यावी. तेवढ्यास इंग्रजी येण्याची गरज नाही.