‘फॉरमॅट मारून बघ’ आणि बंद पडणारा गेमिंग पीसी

खेळता खेळता पीसी अचानक बंद पडला की मित्र, मावसभाऊ, दुकानातला मेकॅनिक असे सगळे एकच उपाय सांगतात: फॉरमॅट मारून बघ. विंडोज खराब झाली असेल, व्हायरस असेल, कचरा साठला असेल. मग पेन ड्राइव्हची शोधाशोध होते आणि डेटा कसाबसा वाचवला जातो. घाईत घरच्या फोटोंचा एखादा फोल्डर कायमचा जातो. शंभर-शंभर जीबीचे गेम पुन्हा उतरवले जातात आणि आठवड्याभरात पीसी पुन्हा तसाच बंद पडतो. मग पुन्हा फॉरमॅट. हा सल्ला देणाऱ्याचं काही जात नाही. ज्याचा पीसी आहे त्याचा वेळ, डेटा आणि पुष्कळदा दुकानातले चार-पाचशे रुपये जातात, म्हणून मला त्याचा राग येतो.

विंडोज कोलमडते तेव्हा नेमकं काय होतं ते आधी पाहू. आत काही बिघडलं आणि पुढे चालणं धोक्याचं आहे असं तिला आढळलं, तर ती सगळं थांबवते आणि निळा पडदा दाखवते (विंडोज ११च्या नव्या आवृत्तीत तो काळा झाला आहे). त्यावर स्टॉप कोड येतो, मेमरीचा वृत्तांत डिस्कवर लिहिला जातो आणि मग पीसी पुन्हा सुरू होतो. म्हणजे विंडोज पडते तेव्हा बहुतेक वेळा काही ना काही सांगून पडते. पण पंखे, दिवे आणि पडदा एका क्षणात मेले, कोणताही संदेश आला नाही, तर वीज तोडली गेली आहे. ती पीसीला वीज पुरवणाऱ्या एसएमपीएसच्या संरक्षक सर्किटने तोडली असेल, मदरबोर्डने तोडली असेल किंवा भिंतीतल्या सॉकेटपर्यंत ती पोचलीच नसेल. यात विंडोजचा संबंध फार थोडा. बायोसच्या पडद्यावर असताना पीसी बंद पडत असेल तर वाद घालायचंही कारण नाही, कारण विंडोज त्या वेळी सुरूच झालेली नसते.

अडचण एवढीच, की निळा पडदा आला तरी विंडोज मूळ सेटिंगप्रमाणे आपोआप रिस्टार्ट होते आणि तो दिसेपर्यंत निघून जातो. म्हणून ‘अ‍ॅडव्हान्स्ड सिस्टिम सेटिंग्ज’ उघडून ‘स्टार्टअप अँड रिकव्हरी’मधल्या ‘ऑटोमॅटिकली रिस्टार्ट’समोरची खूण काढून टाका. याला पैसे लागत नाहीत आणि पुढच्या वेळी पडदा तसाच राहतो, मोबाइलवर फोटो काढता येतो.

त्यानंतर इव्हेंट व्ह्यूअर उघडा. तिथे लाल खुणेसह ‘कर्नल-पॉवर, ४१’ अशी नोंद जवळजवळ हमखास सापडते, आणि इथे दुसरा गैरसमज जन्म घेतो: नावात पॉवर आहे, म्हणजे एसएमपीएस गेला. मायक्रोसॉफ्टच्या दस्तऐवजात या नोंदीचा अर्थ स्पष्ट दिला आहे. पीसी सुरू होताना विंडोजला आढळतं की मागच्या वेळी तो रीतसर बंद झाला नव्हता, आणि ती तेवढंच लिहून ठेवते. तुम्ही पॉवरचं बटण दाबून धरून बंद केलंत तरी हीच नोंद येते. कारण जाणून घ्यायचं तर नोंदीच्या ‘डिटेल्स’मध्ये शिरून ‘बगचेक कोड’ हा आकडा पाहायचा. तो शून्य असेल तर विंडोजला स्टॉप कोड नोंदवण्याइतकाही अवधी मिळालेला नाही: एक तर वीज गेली किंवा सगळं जागीच गोठलं. शून्याखेरीज आकडा असेल तर तो दशमान पद्धतीत असतो, त्याचं हेक्समध्ये रूपांतर करून स्टॉप कोड शोधायचा. उदाहरणार्थ १५९ म्हणजे ०एक्स९एफ, हा कोड वीजबचतीच्या अवस्था बदलताना अडकलेल्या ड्रायव्हरचा असतो. त्याच यादीत ‘व्हीया-लॉगर’च्या नावाने नोंदी असतील तर हार्डवेअर स्वतःच तक्रार करतं आहे. एवढं पाहायला दहा मिनिटं पुरतात. फॉरमॅट मारल्यावर मात्र यातला एकेक पुरावा पुसला जातो, आणि माझा मुख्य आक्षेप हाच आहे.

‘पण माझा तर फॉरमॅटनंतर नीट चालला!’ हे उत्तर येतंच. चार दिवसांतून एकदा बंद पडणारा पीसी फॉरमॅटनंतर तीन दिवस चालला, तर त्यातून काहीच सिद्ध होत नाही. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली. शिवाय त्या दिवसांत पीसीवर ताण कुठे असतो? गेम अजून उतरत असतात, ग्राफिक्स कार्ड निवांत असतं, माणूस ब्राउझर आणि पासवर्ड लावण्यात गुंतलेला असतो. खरा गेम पुन्हा सुरू झाला की मूळ दुखणं वर येतं, आणि तोवर दुकानदाराचे पैसे देऊन झालेले असतात.

हार्डवेअरचा दोष एकदा दिसला की तो पुन्हा दिसतो, याला आधार आहे. मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी २०११ साली सुमारे १० लाख घरगुती पीसींच्या बिघाडांचा अभ्यास प्रसिद्ध केला. आठ महिन्यांत ज्यांचा प्रोसेसर एकूण तीस दिवस तरी चालला होता, अशा पीसींपैकी १९० मध्ये एक प्रोसेसरशी संबंधित दोषाने कोसळला. पण जो एकदा कोसळला तो दुसऱ्यांदा कोसळण्याची शक्यता सुमारे तीनमध्ये एक इतकी वाढली. त्यामुळे ‘एकदाच झालं, सोडून दे’ हा सल्लाही चुकीचा. तारीख, वेळ आणि त्या वेळी काय चालू होतं हे वहीत लिहून ठेवावं.

संदेश एकाकडे बोट दाखवतो आणि दोष भलत्याचाच असतो, याचं अलीकडचं मोठं उदाहरण इंटेलचं आहे. १३व्या आणि १४व्या पिढीचे वरच्या दर्जाचे डेस्कटॉप प्रोसेसर वापरणाऱ्या अनेकांचे गेम ‘व्हिडिओ मेमरी संपली’ असा संदेश देऊन बंद पडू लागले. साहजिकच लोकांनी ग्राफिक्स कार्डावर संशय घेतला. ड्रायव्हर बदलले, विंडोज पुन्हा टाकल्या, काहींनी कार्डंच बदलली. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. जुलै २०२४ मध्ये इंटेलने मान्य केलं की प्रोसेसरच्या मायक्रोकोडमधल्या चुकीमुळे त्याला गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मिळत होतं आणि त्याने तो झिजत होता. ऑगस्टमध्ये ०एक्स१२९ आणि सप्टेंबरमध्ये ०एक्स१२बी अशा दुरुस्त्या आल्या. त्या मदरबोर्डच्या बायोस अपडेटमधून पोचतात आणि पुढची झीज थांबवण्यासाठी आहेत. ज्या प्रोसेसरची झीज झाली आहे तो यांनी बरा होत नाही, बदलूनच घ्यावा लागतो. त्यासाठी इंटेलने वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. यांतला एखादा प्रोसेसर तुमच्याकडे असेल तर बायोसची आवृत्ती आजच तपासा.

‘मग सॉफ्टवेअर कधीच दोषी नसतं का?’ असतं, आणि भयंकर असतं. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअर कंपनीच्या एका सदोष अपडेटने जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक आडवे केले. हा आकडा मायक्रोसॉफ्टचा आहे. पण तिथला उपायही लक्षात घ्या: सेफ मोडमध्ये जाऊन ती एक सदोष फाइल काढायची होती. कारण माहीत होतं, म्हणून फॉरमॅटची गरज पडली नाही.

आपल्याकडच्या घरगुती पीसीत मला सर्वांत आधी संशय येतो तो एसएमपीएसचा, कारण बजेट जुळवताना कात्री तिथेच लागते. मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो की पुण्याची तापकीर गल्ली, प्रोसेसर आणि कार्डावर घासाघीस करून झाली की ‘एसएमपीएस कुठलाही चालेल’ म्हणून कॅबिनेटबरोबर आलेलाच लावला जातो. त्याच्या अंगावरचं लेबल नीट वाचा. मोठ्या अक्षरात ४५० वॅट लिहिलेलं असतं. खाली तक्त्यात १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर आहेत ते पाहा आणि १२ ने गुणा. समजा तिथे १८ अँपिअर असतील, तर प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड यांच्यासाठी मिळतात फक्त २१६ वॅट. बाकीचा आकडा ज्या व्होल्टेजवर आहे, त्याचा आजच्या गेमिंग पीसीला फारसा उपयोग नाही.

शिवाय ग्राफिक्स कार्ड वीज संथपणे ओढत नाही. ३२० वॅटचं म्हणून विकलेलं कार्डही एका सेकंदाच्या अत्यल्प भागासाठी त्याच्या कितीतरी वर उसळी मारतं. ही उसळी वॅटमीटरवर दिसत नाही, पण एसएमपीएसला जाणवते आणि तो स्वतःला वाचवण्यासाठी बंद होतो. याच कारणाने फेब्रुवारी २०२२ मधल्या एटीएक्स ३.० मानकात मोठ्या एसएमपीएसनी आपल्या क्षमतेच्या दुप्पट उसळी १०० मायक्रोसेकंद सोसावी अशी अट आली. उसळीमुळे एसएमपीएस बंद होतो त्याची खूण ओळखता येते: खेळाच्या ऐन रंगात ‘टक्’ असा बारीक आवाज येऊन सगळं मरतं आणि समोरचं बटण कितीही दाबलं तरी पीसी उठत नाही. मागचा स्विच बंद करून थोड्या वेळाने पुन्हा लावला की तो सुरू होतो. असं होत असेल तर विंडोजला हात लावू नका, चांगल्या एसएमपीएसची सोय करा. मित्राचा एका दिवसासाठी लावून पाहिला तरी कळेल. मात्र एका मॉड्यूलर एसएमपीएसच्या वायरी दुसऱ्याला लावू नका; दिसायला सारख्या असल्या तरी त्यांची जोडणी वेगळी असू शकते आणि त्यात ड्राइव्ह जळतात.

भिंतीतली वीजही तपासावी. संध्याकाळी एसी किंवा पंप सुरू झाला की दिवे क्षणभर मंद होतात ना? पुरवठा तुटल्यावर एसएमपीएस साधारण १६-१७ मिलिसेकंद तग धरतो, आणि आपल्या ५० हर्ट्झच्या विजेचं एक आवर्तनच २० मिलिसेकंदांचं असतं. ‘पण यूपीएस आहे’ हे उत्तर पुरेसं नाही. घरोघरी असतो तो ६०० व्हीएचा यूपीएस बहुधा ३६० वॅटच पेलतो. गेम चालू असताना वीज गेली की तोच पीसीसकट बसतो.

निळे पडदे दर वेळी वेगळ्या कोडसह येत असतील तर माझा संशय रॅमवर असतो. डब्यावर ३६०० लिहिलेली डीडीआर४ रॅम तो वेग बायोसमधली एक्सएमपी ही सेटिंग चालू केल्यावरच गाठते, आणि एक्सएमपी हे ओव्हरक्लॉकिंग आहे. डीडीआर४चं मानक ३२०० ला संपतं आणि १.२ व्होल्टवर चालतं. एक्सएमपीत साधारण १.३५ व्होल्ट दिले जातात. रॅमची पट्टी चांगली असली तरी प्रोसेसरमधला मेमरी कंट्रोलर तो वेग पेलेलच असं नाही. बायोसमध्ये एक्सएमपी बंद करून आठवडाभर खेळा. मग पेन ड्राइव्हवरून मेमटेस्ट८६+ रात्रभर चालवा. ते विंडोजशिवाय चालतं, त्यामुळे तिथे एकही चूक आली तर विंडोज निर्दोष ठरते. ‘एकच तर एरर आहे’ असं म्हणून सोडू नका, तिथे शून्याखेरीज कुठलाही आकडा नापास.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. निळ्या पडद्यावर किंवा वृत्तांतात ज्या फाइलचं नाव येतं तीच दोषी असते असं नाही. तिथे ‘एनटीओएसकेआरएनएल’ सारखं विंडोजच्या गाभ्याचं नाव येतं ते बिघाड तिथे लक्षात आला म्हणून. पडदा काळा झाला आणि आवाज चालू राहिला म्हणजे कार्ड जळलं असं नव्हे. कार्डाने दोन सेकंदांत उत्तर दिलं नाही तर विंडोज त्याचा ड्रायव्हर पुन्हा सुरू करून पाहते, त्यामुळे आधी केबल आणि ड्रायव्हर तपासा. कार्डाला दोन आठ-पिनी जोड असतील तर एसएमपीएसमधून दोन स्वतंत्र वायरी आणा, कारण प्रत्येक जोड १५० वॅटचा हिशोब धरून केलेला असतो. ‘८० प्लस गोल्ड’ हे प्रमाणपत्र कार्यक्षमतेचं आहे, मजबुतीचं नाही. रायझन ७००० मालिकेतले बरेच प्रोसेसर ताणाखाली ९५ अंशांवर जाऊन तिथेच चालावेत अशीच एएमडीची रचना आहे. प्रोसेसर तापला की आधी वेग कमी करतो आणि अगदी शेवटी बंद पडतो. कॅबिनेटची बाजू उघडून ठेवणं एका दिवसाच्या चाचणीपुरतं ठीक, महिनाभर तसं ठेवलंत तर धूळ बसते. ग्राफिक्स कार्डावर ताण देणारी फरमार्क चाचणी अर्धा तास चालली म्हणजे एसएमपीएस पास झाला असं होत नाही, तिचा भार एकसारखा असतो आणि गेमचा क्षणाक्षणाला बदलतो. रजिस्ट्री साफ करून देणारी सॉफ्टवेअर आपण समर्थित करत नाही, असं खुद्द मायक्रोसॉफ्टने लिहून ठेवलं आहे. ती टाकूच नका.

आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. रॅम, बायोस आणि ड्रायव्हर एकाच रविवारी बदलले आणि पीसी सुधारला, तर कशाने सुधारला ते कधीच कळणार नाही.

हे सगळं करूनही विंडोजवरच संशय उरला असेल, तरी जुनी ड्राइव्ह पुसू नका. लहान क्षमतेची वेगळी एसएसडी घ्या, जुनीची वायर काढून ठेवा, नवीवर विंडोज, ग्राफिक्सचा ड्रायव्हर आणि ज्यात पीसी पडतो तो एकच गेम टाका. पीसी पूर्वी जितक्या दिवसांनी पडत होता त्याच्या तिप्पट दिवस तरी रोज तो गेम खेळा. त्यातही पीसी पडला तर विंडोज निर्दोष आहे, आणि तुमचा सगळा डेटा जुन्या ड्राइव्हवर जसाच्या तसा आहे.