मेंदूतली गाठ आणि पेशींचे सांधे

मंडळी, गाठ म्हटलं की आपण पहिल्यांदा विचारतो, केवढी आहे? आज आपण दुसरा प्रश्न घेऊ. तिथल्या पेशी एकमेकींना जोडलेल्या कशा असतात?

आधी मेंदूतल्या रक्तवाहिन्या. साताऱ्यातल्या जुन्या वाड्याची दगडी भिंत आठवा. गवंडी दगड रचतो, मग दर्जा भरतो. या वाहिन्यांच्या अस्तरातही पेशींमधल्या फटी क्लॉडिन-५, ऑक्लुडिन ही प्रथिने बुजवतात. त्यामुळे रक्तातली बहुतेक औषधं मेंदूत शिरतच नाहीत.

ग्लायोब्लास्टोमा ही प्रौढांच्या मेंदूत उगम पावणारी सर्वांत जास्त आढळणारी घातक गाठ. तिच्या आसपास या दर्जा सुटतात, पाणी झिरपतं, सूज येते. डोकं दुखतं, उलट्या होतात, हात-पाय लुळे पडतात. एमआरआयच्या वेळी टोचलेलं द्रव्य तिथूनच बाहेर पडतं, म्हणून गाठ पांढरी चमकते.

अशा वेळी डेक्सामेथासोन देतात. हे स्टेरॉइड सांधे पुन्हा घट्ट करायला मदत करतं. दोन-तीन दिवसांत सूज उतरते, पेशंट उठून बसतो, जेवतो. आणि इथेच घात होतो! घरच्यांना वाटतं गाठ विरघळली, आता मिरज-मुंबईच्या चकरा कशाला? पण उतरली ती सूज, गाठ जागेवरच आहे. रेडिएशन टाळू नये, आणि स्टेरॉइडही मनाने एकदम बंद करू नये.

आता गंमत अशी, की गाठीच्या कडेला, जिथे एकेकटी पेशी निरोगी मेंदूत घुसते, तिथली भिंत बऱ्याचदा शाबूत असते. औषध मधोमध पोचतं, कडेला कमी पडतं. ऑपरेशननंतर गाठ परत येते ती बहुतेक वेळा त्याच कडेला.

दुसरा सांधा आणखी चमत्कारिक. कनेक्झिन-४३ या प्रथिनाचे सहा-सहा रेणू दोन्ही पेशींकडून समोरासमोर जुळले की आरपार नळी तयार होते. शेजारच्या शेताला पाटातून पाणी द्यावं तसे कॅल्शियमचे आयन इकडून तिकडे जातात. २०१५ साली जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या संशोधकांनी दाखवलं, की ग्लायोमाच्या पेशी लांब, बारीक तंतू काढून कनेक्झिन-४३ ने एकमेकींना जोडून घेतात. रेडिएशनचा मार बसला की त्याचा ताण जाळ्यात वाटला जातो, आणि जोडलेल्या पेशी जास्त तगतात. ऑलिगोडेंड्रोग्लायोमात हे तंतू कमी. त्या गाठी उपचारांना अधिक दाद देतात.

मग नळ्या बंद करणारं औषध द्या की, असं कुणी म्हणेल. पण कनेक्झिन-४३ निरोगी मेंदूत आणि हृदयातही काम करतं. सरसकट बंद करणं परवडणारं नाही. २००५ साली रेडिएशनला टेमोझोलोमाइडची जोड दिल्यावर मध्यम आयुर्मान १२.१ महिन्यांवरून १४.६ वर गेलं. एवढ्याशा वाढीसाठी केवढा खटाटोप, हे पाहिलं की या सांध्यांवर लोक का झटताहेत ते कळतं.

सांगलीकडे हळदीचा प्रश्न येणारच! तिथल्या हळदीला भौगोलिक मानांकन आहे, अभिमान जरूर बाळगू. पण तिच्यातलं कर्क्युमिन आतड्यातून फारच थोडं शोषलं जातं आणि लगेच मोडतं. भाजीत घाला, रेडिएशनची तारीख मात्र चुकवू नका.